ज्याला शेळी तोंड लावत नाही

१५ ऑगस्ट

आज भर ग्रामसभेत गनीभाईंनी माझ्या नवऱ्याला तोडायची भाषा केली.

राग जाईना म्हणून ही डायरी काढली. पतसंस्थेनं दिलेली, जानेवारीपासून कपाटावर धूळ खात होती. लिहिलं की डोकं थंड होतं म्हणतात, बघू.

पहिल्यापासून लिहिते. आमच्या धोंडमाळात माणूस गेलं की तिसऱ्याची राख नदीला नेत नाहीत. गायरानाच्या पश्चिम कडेला खड्डा घ्यायचा, त्यात राख घालायची, वर झाड लावायचं. ठराव जुना आहे आणि चांगला आहे. पूर्वी लोक आंबा लावायचे, वड लावायचे. त्यांचं काय व्हायचं ते सगळ्या गावाला माहीत आहे. पाटलांच्या आबांचा आंबा खांद्याला आला आणि हनुमंताच्या सुटलेल्या शेळीनं एका दुपारी फस्त केला. ‘तुज्या शेळीनं आमचं आबा खाल्लं’ यावरून दोन घरं वर्षभर एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत.

म्हणून चार वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा मी मनाशी ठरवलं की काही झालं तरी यांना शेळीच्या तोंडी द्यायचं नाही. नगरच्या प्रदर्शनातून टेकोमाचं रोप आणलं. शेळी त्याचा वास घेते आणि पुढं जाते. जाळी नको, काट्याचं कुंपण नको. वर्षाच्या आत झाड माझ्या डोक्यावर गेलं आणि पिवळ्याधमक घंट्यांनी असं लगडलं की बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. मग ज्याच्या घरी माणूस गेलं तो माझ्याकडं येऊ लागला. आम्हालाबी तात्यासारखं झाड दे. यांना सगळं गाव तात्याच म्हणायचं. मी यांच्याच झाडाचं बी धरलं, रोपं केली. त्यातूनच मिरजगावच्या रस्त्याला माझी नर्सरी उभी राहिली. आज ती सगळी कड पिवळी आहे. लोक झाडांना माणसांच्याच नावानं बोलतात. सखुआत्याला पाणी घातलं का? भाऊंना मुंग्या लागल्यात बघ.

आणि गनीभाई उठून म्हणतात, ‘ही घंटीची झाडं काडाया लागत्याल. गवात चाललंय.’

गनीभाई गावच्या गवत समितीचे प्रमुख. आमच्याकडं गायरानात वर्षभर चराईबंदी असते. दिवाळी झाली की गवत सुटतं, घरटी एक विळा, चिठ्ठ्या टाकून वाटे. त्या गवतावर गावच्या गाई आणि गाईंवर गाव चालतं. ते सगळं खरं. पण गनीभाई यांचे जिवलग दोस्त. हे दुधाचा टेम्पो चालवायचे आणि गनीभाई शेजारी बसून कॅन चढवायचे-उतरवायचे. मिरजगावच्या चौकात यांच्या छातीत कळ आली तेव्हा टेम्पोचं स्टिअरिंग यांच्या हातून गनीभाईंनीच काढून घेतलं. त्या माणसानं असं बोलावं?

मी उठले आणि म्हणाले, ‘गनीभाई, तुमच्यात राख नसते. तुम्हाला नाही कळायचं.’

त्यांनी टोपी नीट केली आणि खाली बसले. निर्णय २ ऑक्टोबरच्या सभेवर गेला.

मी तसं बोलायला नको होतं. पण सुरुवात त्यांनी केली.

१९ ऑगस्ट

नगरहून हर्षल नावाचा मुलगा आला होता. मुलगा म्हणजे तिशीचा असेल, लँडस्केपची कामं घेतो. जामखेड रस्त्याला मोठं प्लॉटिंग होतंय, त्याच्या गेटपासून आतपर्यंत दुतर्फा फुलझाडं लावायची आहेत. म्हणाला, ‘मॅडम, असं झाड द्या की पाणी नको, राखण नको, फुलं बारमाही, आणि गुरांनी तोंड लावायला नको.’

मी म्हटलं, चल, दाखवते. त्याला यांच्या झाडापाशी नेलं. त्यानं झाडासोबत स्वतःचे फोटो काढले आणि जागेवरच ऑर्डर दिली. जानेवारीत एवढी रोपं हवीत की मला नर्सरीत नवा मांडव घालावा लागेल. चार वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण कुणाच्या आधाराशिवाय उभ्या राहिलो.

येताना गायरानातून आले. यांच्या झाडाखाली बघावं तिकडं त्याची पिल्लं. आत पार जुन्या विहिरीपर्यंत गेलीत. कुणी लावली नाहीत, कुणी पाणी घातलं नाही, आपापली आली. कातरलेली कोवळी पानं वाऱ्यावर हलत होती. मला इतकं बरं वाटलं की तिथंच बसून राहिले.

२८ ऑगस्ट

मालनअक्का येऊन गेली. माझी थोरली जाऊ. शेजारीच राहते, मधे एक भिंत आणि वीस वर्षांची भांडणं. तिच्या कपिला गाईचं दूध आटलं म्हणून सांगत होती. वैरण पुरत नाही, रोज पाटाच्या कडेनं लांबवर गवत कापायला जाते.

मी म्हटलं, ‘अक्का, गाईला वेळेवर घाला म्हणजे दूध देईल. मोबाईल बघत बसलं की असंच होतं.’

नेहमी माझ्या एका शब्दाला चार देणारी बाई आज नुसती ‘व्हय’ म्हणाली. पदराआडून शेपूची जुडी काढून ओट्यावर ठेवली आणि गेली. तब्येत बरी नसावी.

गेल्या साली गवत कमी निघालं ते दुष्काळानं. यंदा पाऊस मस्त आहे. दिवाळीपर्यंत गवत कमरेला लागेल आणि गनीभाईंचं तोंड आपोआप बंद होईल.

११ सप्टेंबर

गौरी उद्या उठणार. गौरींपुढं पिवळी फुलं घातली, आरास सगळ्या गावात उठून दिसली.

एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी संध्याकाळी गायरानात काळविटं यायची. हे टेम्पो थांबवून बघत बसायचे आणि तिकडं दूध नासायची वेळ यायची. दोन वर्षं झाली, एकही दिसलं नाही. हायवेचा आवाज वाढलाय.

२० सप्टेंबर

पितृपंधरवडा सुरू झाला. गावात रोज कुणाकडं तरी जेवण, कुणाच्या तरी पत्र्यावर कावळे. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? घरोघर जायला लागले. ज्यांची झाडं आहेत त्यांना त्यांच्या झाडापाशी नेते आणि खोडावर हात ठेवून म्हणायला लावते, याला कुऱ्हाड लावू देणार नाही. बायका लगेच रडतात. बापये आधी इकडं-तिकडं बघतात, मग तेही हात ठेवतात.

साळूबाईनं तर खोडाला मिठीच मारली. सत्तरीची बाई, घरात एकटी, एक गाय आणि एक हा नवरा. ‘जित्यापनी कदी फुलं आनली न्हाईत मेल्यानं,’ म्हणाली, ‘आता रोज टाकतोय पायापाशी.’ आम्ही दोघी रडलो आणि मग हसलो.

सुनीलदादांकडं मात्र, म्हणजे अक्काच्या मालकांकडं, जायची गरज वाटली नाही. यांचं झाड ते त्यांच्या भावाचंच झाड.

२ ऑक्टोबर

सर्वपित्री अमावास्या आणि ग्रामसभा एकाच दिवशी. सकाळी पानं वाढली, दुपारी सभा. पोटात पितरांचं जेवण असताना पितरांना तोडा म्हणायची कुणाची छाती होणार?

गनीभाईंनी सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. गवत दरवर्षी कसं हटतंय, बी कसं उडतं, झाड तोडलं नाही तर दहा वर्षांत गायरान म्हणून काही राहायचं नाही. मग मी बोलले. काय बोलले ते आता नीट आठवत नाही. शेवटी एकेक घर उठलं आणि शपथ सांगितली. ठरावच झाला, स्मृतीच्या झाडांना कुणी कुऱ्हाड लावणार नाही. टाळ्या पडल्या. सरपंचांनी नारळ दिला.

गनीभाई उठून बाहेर गेले. चपला घालताना तोल गेला, तर अक्कानं हात दिला. अक्का त्यांच्या बाजूला का बसली होती कोण जाणे.

६ ऑक्टोबर

जिंकल्यावर माणसाला गाढ झोप लागते म्हणतात. मला नाही लागत. नर्सरीत एका जागी पाय ठरत नाही. पिशव्या भरायला बसते आणि अर्ध्यात उठते. नारळ तसाच पडून आहे, फोडावासा वाटत नाही.

८ नोव्हेंबर

आज गवत सुटलं.

सकाळी सगळं गाव विळे पाजळून गायरानाच्या तोंडाशी. गनीभाईंनी पातेल्यात चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येक घरानं एक उचलली. माझ्या हातात विहिरीवरचा वाटा आला. हे असताना त्या वाट्याला लोक हसून म्हणायचे, लॉटरी लागली. पवन्या गवत इतकं दाट की आत गेलेला माणूस दिसायचा नाही.

मी आत शिरले. हिरवं होतं, लांबून तर रान भरल्यासारखं दिसत होतं. पण ते गवत नव्हतं. सगळी पिल्लं. कंबरेएवढी, काही माझ्या खांद्याला आलेली, एकमेकांना खेटून. खाली वाकून बघितलं तर बुडात टणक उघडी माती. मधेच एखादा पिवळट ठोंब. मी तो कापायचे, पुढं सरकायचे, पुन्हा दुसरा शोधायचे. दुपारपर्यंत भाराच्या निम्म्यानंही गवत निघालं नाही. पावसावर ढकलता येईना. पाऊस तर यंदा धो धो झाला होता. वाळवी असेल म्हणून बघितलं. वाळवी नव्हती.

शेजारच्या वाट्यात अक्का होती. तिचंही तेच. तिनं दोन पेंढ्या बांधल्या होत्या आणि त्यांच्याकडं बघत कमरेवर हात ठेवून उभी होती. मी आपली सवयीनं म्हणाले, ‘पिल्लं जरा जास्तच झालीत नाही?’

तर तिनं विळा खाली टाकला. ‘चार वर्सं गप बसले मी, ज्ञानू. तुजं तेवडंच सुक हाय म्हनून. मागल्या साली दुष्काळावर ढकाललं, त्याच्या मागल्या साली वाळवीवर. मालक म्हनले, तिला काय बोलू नगं. गनीभाई म्हनले, सबुरीनं घ्या. आता माझ्या दावनीची गाय इकायची येळ आली, तरी तू म्हनती पिल्लं? ही तात्याची पोरं न्हाईत, ज्ञानू! रान खाती ही!’

सगळ्यांनी ऐकलं. मी विळा तिथंच टाकून घरी आले.

९ नोव्हेंबर

अक्कानं माझा विळा भिंतीवर आणून ठेवला. खाली एक गवताची पेंढी. माझ्याकडं गाय नाही. पेंढी माझ्या काय कामाची?

१३ नोव्हेंबर

माझ्या वर्मावरच बोट ठेवायची काय गरज होती तिला? आम्हाला मूल झालं नाही. नवस झाले, पुण्याचे डॉक्टर झाले, शेवटी हे म्हणाले, आता पुरे, आपण दोघं एकमेकांना पुष्कळ आहोत. ते पुष्कळ होतं. मी कधी झाडांना पोरं म्हटलं? मनात तरी आणलं?

मागची पानं चाळली. पिल्लं, पिल्लं, पिल्लं. जाऊ दे.

२२ नोव्हेंबर

शुक्रवार. नर्सरीकडं जायचा माझा रस्ता कब्रस्तानाच्या भिंतीवरून जातो. भिंत कमरेएवढीच आहे. आत गनीभाई उकिडवे बसले होते, त्यांच्या आईच्या कबरीपाशी. त्या म्हातारीच्या हातचा शिरखुर्मा मी लग्नाच्या पहिल्या वर्षी खाल्लेला. वाटलं फुलं ठेवत असतील, म्हणून मान खाली घालून पुढं निघाले. मग दिसलं, ते काहीतरी उपटत होते.

मी थांबले. कबरीवर टेकोमाची बोटभर रोपं आली होती. शेजारच्या कबरींवरही. भिंतीच्या कडेला उपटलेल्यांचा ढीग.

‘कधीपासून करताय हे?’

‘दर जुम्म्याला करतो, वैनी. तात्या गेल्याच्या दुसऱ्या पावसापास्नं. उपाटलं की दुसरं हायच.’

‘मला बोलला नाहीत कधी.’

‘काय बोलू? दोस्ताच्या झाडाचं बी. आईच्या अंगावर आलं म्हनून काय पोलिसात जाऊ?’ आणि स्वतःच हसले.

मी भिंत ओलांडून आत गेले. बायका जात नसतील तिथं, पण ते काही बोलले नाहीत. मी म्हणाले, ‘सभेत मी राखेचं बोलले, ते चुकलं माझं. फार चुकलं.’

‘आमच्यात राख नसती हे काय खोटं हाय?’ ते म्हणाले. ‘माती असती. पन ती बी सांबाळायाच लागती.’

मी त्यांच्या शेजारी बसून उपटायला लागले. वरनं बोटभर रोप आणि खाली वीतभर मूळ. ओढलं की मधेच तुटतं. तुटलेलं पुन्हा फुटणार, हे मला सांगायला नको, माझी नर्सरी त्याच्यावर चालते. एक मूळ निघता निघेना तेव्हा मला हुंदकाच आला. गनीभाई तोंड फिरवून पलीकडच्या कबरीकडं गेले.

२५ नोव्हेंबर

यांच्या झाडाला शेंगा धरल्यात. चवळीसारख्या लांब, अजून हिरव्या. जानेवारीत वाळतील, उकलतील, आणि कांद्याच्या सालीसारखं हलकं बी सुटेल. आधीच्या शेंगा कधीच उकलून गेल्या. इतकी वर्षं मी ते बी हवेत उडताना बघून खूश व्हायचे, टाळी वाजवली असेल कधी. हा बहर उकलायच्या आत झाडं गेली पाहिजेत. आणि ती जाऊ नयेत म्हणून गावाला शपथा मीच घातल्यात. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा, आणि तोही नारळ घेऊन.

४ डिसेंबर

हर्षलला फोन करून ऑर्डर रद्द केली. कारण सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही नाही दिली तर पुण्याहून आणीन. गेटला पिवळं पाहिजे म्हणजे पाहिजे.’ मी म्हटलं, बहावा घे, तोही पिवळा, आपल्या मातीतला. ‘बहाव्याला चार-पाच वर्षं कोण थांबणार?’ म्हणाला.

म्हणजे जामखेडच्या रस्त्याला ते जाणारच. मी थांबवू शकत नाही. पण माझ्या हातून तरी नाही. दिवसभर नव्या मांडवातली रोपं पिशवीतून काढून वाळायला टाकली. नर्सरीत दुसरं विकायला आता मोगरा आणि कडीपत्ता तेवढा उरला. पुढं कसं होणार माहीत नाही. भीती वाटते, हे लिहून ठेवते.

१६ डिसेंबर

घरोघर पुन्हा जायला लागले. त्याच दारात, उलटं सांगायला.

हनुमंत म्हणाला, ‘ताई, परवाच्याला हात ठिवून म्हनायला लावलं, आता म्हनती तोडा. आमचा बाप हाय का खेळणं हाय?’ पाटलांच्या सुनेनं दारातच उभं केलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. एकानं विचारलं, गनीभाईंनी काय चहा-बिहा पाजला काय? दोन महिन्यांपूर्वी तो प्रश्न मीच विचारला असता.

साळूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या नवऱ्याच्या खोडावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘जित्यापनी ह्याला कुनी बोट लावलं न्हाई. तू म्हनतीस कुऱ्हाड लाव. जा बाई घरी.’

गवताचं सगळ्यांना पटतं. पण दुसऱ्याच्या झाडाबद्दल पटतं.

२८ डिसेंबर

सुनीलदादांना म्हटलं, निदान आपलं झाड आपण काढू. ते पारावर बसले होते, ऐकून उठलेच. भावाचा खड्डा त्यांनीच खणला होता. ‘शपत मोडायचं पाप मला नगं,’ म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवत निघून गेले.

शेंगांची टोकं तपकिरी व्हायला लागली आहेत. रोज दोनदा जाऊन बघते.

३ जानेवारी

आज तोडलं.

सकाळी अक्का कुऱ्हाड घेऊन माझ्या दारात उभी. ती पुढं चालायला लागली, मी मागं. गवताच्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. गायरानाच्या कडेला गनीभाई आधीच येऊन उभे, पण लांब. मी म्हटलं, या की. तर म्हणाले, ‘न्हाई वैनी, मी हात लावला तर उद्या गावात येगळं बोलनं व्हईल. मी हितं हाय.’ त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. मी त्यांना तसं बोडक्या डोक्यानं उभं राहिलेलं आजवर पाहिलं नव्हतं.

आधी शेंगा एकेक करून पोत्यात काढल्या. मग मी खोडावर हात ठेवला. काय म्हणायचं ते ठरवून आले होते, ते आठवेना. ‘अहो, माफ करा,’ एवढंच म्हणाले. पहिला घाव नीट बसला नाही. अक्का पुढं झाली तर मी तिला मागं सारलं. लाकूड मऊ असेल वाटलं होतं, मऊ नव्हतं. दर घावाला पिवळी फुलं डोक्यावर, पदरात पडत होती. झाड आडवं झालं तेव्हा बुंध्यापाशी एकदम ऊन आलं. चार वर्षांत त्या जागेवर ऊन पडलं नव्हतं.

रस्त्यानं येणारे-जाणारे थांबले होते. साळूबाई तिच्या झाडाला टेकून उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. ‘काळीज कसं झालं गं?’ एवढं तिचं ऐकू आलं. मलाही माहीत नाही कसं झालं.

घरी आल्यावर अक्कानं माझ्या हाताचे फोड बघितले, तेल लावलं. ‘त्या दिवशी बोलले ते...’ म्हणाली. मी म्हटलं, राहू द्या. मग आम्ही चहा पीत बसलो. यांच्याबद्दल पुष्कळ बोललो. यांना चहा बशीत लागायचा, ते ती विसरली नव्हती.

२० फेब्रुवारी

बुंध्याला फुटवे आलेत. तळहाताएवढे, हिरवेगार, पहिल्यापेक्षा जोमदार.

खोटं कशाला लिहू? बघून पहिल्यांदा आनंदच झाला. फुटवे मोडायला गेलेला हात तसाच राहिला. घरी आले. पुन्हा गेले. मोडले. आठ दिवसांत पुन्हा येणार. मला कळेना, यांना जायचं नाही की मला सोडायचं नाही.

बाकी कुणी एकही झाड तोडलेलं नाही. सगळ्यांच्या शेंगा उकलल्या. दोन दिवस बी उडत होतं, माझ्या दारातसुद्धा आलं.

२९ मे

असा मे कुणी पाहिला नाही. महिनाभर वळवाचा नुसता मारा. गायरानात सगळीकडं नवी रोपं फुटलीत आणि यांच्या बुंध्याचे फुटवे पुन्हा माझ्या गुडघ्याला आले. नुसतं तोडून भागत नाही. मूळच काढायला पाहिजे. म्हणजे तो खड्डा उकरायला पाहिजे.

चार दिवस टाळलं. आज कुदळ घेऊन गेले. माती ओली, मऊ होती. थोड्या वेळानं मागं सावली पडली, वळून बघते तर सुनीलदादा. ‘खड्डा मीच खनला हुता,’ म्हणाले, ‘मला म्हाइती हाय केवडा खोल हाय ते.’ कुदळ माझ्या हातून घेतली. मी माती हातानं ओढत राहिले. जपून ओढत होते. राख दिसेल, एखादं हाड दिसेल, काहीतरी ओळखीचं दिसेल, या भीतीनं.

काही नव्हतं. काळी माती होती, गांडुळं होती आणि ते मूळ होतं. इतके दिवस मी कशाला जपत होते? दादांनी मूळ बाहेर काढून ठेवलं आणि खड्ड्याच्या कडेला बसून मोठ्यानं रडले. मी त्यांना तसं रडू दिलं. मग दोघांनी माती सारखी केली. वर काही लावलं नाही.

१४ जुलै

नर्सरीत बहावा, कडुनिंब, बोर, हिवर. गिऱ्हाईक विचारतं, फुलं कधी येतील? मी म्हणते, तुमची सून येईल तेव्हा. निम्मे उठून जातात.

दर शुक्रवारी गनीभाई, अक्का आणि मी गायरानात रोपं उपटतो. गावाला आमचं हसू येतं. कुणी नवं येत नाही. मी कुणाला बोलवायचंही सोडून दिलं. माझ्या शब्दाची आता गावात काय पत आहे ते मला ठाऊक आहे.

६ नोव्हेंबर

गेल्या वर्षीच्या डायरीची उरलेली पानं, वरची तारीख खोडून लिहिते.

आज गवत सुटलं. मला वरच्या टेकाडाचा वाटा आला, दगडगोटे जास्त. अक्काला रस्त्याकडचा. यांची जागा साळूबाईच्या वाट्यात गेली. गनीभाई म्हणाले, ‘वैनी, चिठ्ठी बदलून देऊ का?’ मी म्हटलं, नको, चिठ्ठी ती चिठ्ठी. पण माझं लक्ष माझ्या वाट्यात नव्हतं. एक पेंढी कापायची आणि खाली बघायचं. कुणाला न दिसता बघायचं म्हणजे अजूनच बघायचं.

कडेची सगळी झाडं पिवळी फुललेली आणि त्यांच्याखाली तीच उघडी माती. फक्त एका जागी, यांच्या जागी, घोंगडीएवढा पवन्याचा गच्च पट्टा उभा होता. वाऱ्यानं आडवा व्हायचा, पुन्हा उठायचा. साळूबाई आख्खा वाटा हिंडून, ठोंब-ठोंब कापून शेवटी त्या पट्ट्यापाशी आली. आणि तिथंच खोळंबली. विळा हातात, कापीना.

मग टेकाड चढून माझ्याकडं आली. धाप लागली होती. जानेवारीपासून ती माझ्याशी बोललेली नव्हती.

‘तात्याचं गवात हाय,’ म्हणाली. ‘माझ्या गाईला घालू का?’

मी मानेनंच हो म्हटलं.

ती खाली गेली आणि बसून कापलं. एका हातानं मूठ धरायची आणि विळा हळू ओढायची, झोपलेल्या लेकराच्या अंगाखालची चादर ओढावी तसा. पेंढी बांधली, डोक्यावर घेतली आणि आपल्या नवऱ्याच्या झाडापाशी जाऊन थांबली. वर फुलांकडं बघितलं. खाली मातीकडं बघितलं. मग तिथूनच मला हाक मारली, सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी.

‘ज्ञानू! आमच्या मालकाचं गवात कवा यायचं गं?’

मी विळा कमरेला खोचला आणि कुऱ्हाड आणायला घरी गेले. अक्कानं माझ्याआधी पोचून ती दाराबाहेर काढून ठेवली होती.